मत्स्यकुंडांत हवा खेळावी, पाणी धांवूं नये

खालापूर व कर्जत या तालुक्यांतील कित्येक शेतकरी बंधु भातशेतीस जोड म्हणून शेततळ्यांत मासे सोडूं लागले आहेत. तळ्यांत सोडण्यापूर्वीं बोटुकली कांहीं दिवस अंगणांतील सिमेंटच्या हौदांत राखावी लागते. कोणी शोभेचे मासेहि कांचेच्या कुंडांत वाढवून विकतात. मोठें तळें मनुष्याच्या पुष्कळ चुका पोटांत घालतें. लहान हौद एकहि घालीत नाहीं. याचा अनुभव आम्हांस आला तो येथें सांगतों, म्हणजे इतरांचें नुकसान टळेल.

भाद्रपदांत पावसानें उघडीप दिली होती. आभाळ झांकोळलेलें, वारा पडलेला. खोपोलीस आमच्या घरामागील हौदांत रोहूची बोटुकली होती. पहांटे पाहतों तों सर्व मासे वर येऊन तोंडें उघडीत होते. आम्हीं घाईघाईनें एक जोरदार पंप हौदांत सोडला. त्या दिवशीं मासे वांचले. परंतु पुढें बोटुकली एका भिंतीशीं लोटली गेली, रात्रंदिवस शेपटी हालवून थकली, आणि टाकलेला कोंडा तिच्या तोंडाशीं येण्यापूर्वींच वाहून जाऊं लागला. आठवड्यांत निम्मी मेली. हवा दिली हें योग्यच झालें. हवेबरोबर पूर आणिला, ही चूक झाली.

याचें कारण समजण्यास थोडें मूळ पाहिलें पाहिजे. एक लिटर हवेंत सुमारें 270 मिलिग्रॅम प्राणवायु असतो. पण एक लिटर गोडें पाणी 20 अंश सेल्सिअसला सुमारें 9 आणि 30 अंशांस सुमारें साडेसात मिलिग्रॅमच धरूं शकतें. म्हणजे पाणी जितकें ऊन, तितका प्राणवायु कमी. रोहू, कटला यांसारख्या माशांस लिटरमागें 5 मिलिग्रॅम तरी असावा. दिवसां पाण्यांतील शेवाळ व वनस्पति प्राणवायु सोडतात. रात्रीं मात्र तींहि माशांप्रमाणें तोच वापरतात. म्हणून सूर्योदयापूर्वीं भांडार सर्वांत रितें असतें, आणि ढगाळ दिवसानंतरची पहांट विशेष घातक ठरते.

आतां प्राणवायु पाण्यांत शिरतो कोठून? मुख्यतः पृष्ठभागावरून. बुडबुड्यांतून कांहीं भाग विरघळतो खरा. परंतु उथळ हौदांत बुडबुड्यांचें मोठें काम हें कीं, ते तळचें पाणी वर उचलतात आणि पृष्ठभाग हालता ठेवितात. तळचें पाणी पाळीपाळीनें वर आलें म्हणजे झालें. तें धांवलेंच पाहिजे असें नाहीं. प्राणवायु व प्रवाह या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आमच्याच परिसरांत याचा पडताळा आहे. घाटमाथ्यावरील वळवण वगैरे तलावांचें पाणी नळांतून उतरून खोपोलीच्या वीजगृहांत 1915 पासून वीज उत्पन्न करितें व पुढें पाताळगंगेस मिळतें. त्या नदीच्या वेगांत मासे राहतात. पण ते धारेंत उभे न राहतां दगडाच्या आडोशास विसावतात. वर लोणावळ्यास टाटांच्या मत्स्यकेंद्रांत 1970 नंतर सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांनीं महसीर माशाची कृत्रिम पैदास केली. महसीराचीं अंडीं जड, तळाशीं बसणारीं. तीं उथळ तबकांत ठेवून त्यांवरून पाणी मंदपणें वाहूं देतात. उलट रोहूचीं अंडीं तरंगत राहावीं म्हणून गोल हौदांत पाणी फिरतें ठेवावें लागतें. अर्थात् जीव कोणता व त्याची अवस्था कोणती, हें पाहून प्रवाह ठरवावा.

लहान हौदांत पुढील उपाय करावे. पहिला, भांडें खोल असण्यापेक्षां पसरट असावें. मासे बेताचे, खाद्य थोडें, व दुपारीं वर सांवली. दुसरा, पाण्याच्या पंपाऐवजीं हवेचा लहान पंप घ्यावा व नळीच्या टोंकास बारीक छिद्रांचा दगड लावून तो कोपऱ्यांत ठेवावा. बारीक बुडबुडे सावकाश वर येतात व पाण्यास धक्का कमी देतात. हवा अधिक झाल्यास नळी चिमटूं नये, त्यानें पंपावर ताण पडतो. नळीस फांटा जोडून जास्त हवा बाहेर सोडावी. तिसरा, स्पंजाची गाळणी याच हवेवर चालते. ती पाणी स्वच्छ करिते आणि बारीक पिल्लें ओढून घेत नाहीं. चौथा, पाण्याचाच पंप वापरणें भाग असेल तर नळाचें टोंक बंद करून त्यास लांबीभर पुष्कळ छिद्रें पाडावीं व तो पृष्ठभागाशीं भिंतीकडे तोंड करून बसवावा. तेंच पाणी अनेक वाटांनीं निघाल्यानें वेग मोडतो. पांचवा, दोनचार विटा किंवा खापरें ठेवून माशांस आडोसा करावा.

कांहीं मासे याला अपवाद आहेत. फायटर व गुरामी, तसेंच आमचे मरळ व मागूर, वर येऊन हवा घेऊं शकतात. पहिल्या दोघांचें फेंसाचें घरटें जोराच्या पाण्यानें मोडतें. यांना पंपापेक्षां मोकळ्या पृष्ठभागाची गरज अधिक.

वीज जाण्याचाहि विचार करावा. हवेचा पंप पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा, अथवा नळींत एकमार्गी झडप बसवावी. नाहीं तर पंप थांबतांच पाणी उलट येऊन तो बिघडतो. वीज नसतां हौदांतीलच पाणी तांब्यानें घेऊन चाळणीवर ओतावें. बारीक सरींनीं पडलेल्या पाण्यांत हवा मिसळते व मासे हादरत नाहींत.

शेवटीं परीक्षा सोपी आहे. चिमूटभर कोंडा टाकावा. तो सावकाश फिरला आणि मासे सहज उभे राहून तो टिपूं लागले, तर सर्व ठीक. मासे वर येऊन तोंडें उघडीत असतील तर हवा कमी. भिंतीशीं लोटले जात असतील तर प्रवाह अधिक. ही परीक्षा दिवसां एकदां व पहांटे एकदां करावी. पहांटेची चुकवूं नये. आमची बोटुकली गेली ती ही संवय लागण्यापूर्वीं.