नैराश्यावर चालण्याचा उतारा

दिवस गेले की घरातल्या प्रत्येकाकडे एकच सल्ला असतो: जप. वाकू नकोस, जिना चढू नकोस, पडून राहा. माया खरी, पण प्रकृती ठणठणीत असलेल्या गरोदर बाईला पलंगाशी बांधून ठेवायला वैद्यकशास्त्राचा आधार नाही. उलट त्यात मनाचं नुकसान आहे.

कॅनडातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. गरोदरपणी व्यायाम करणाऱ्यांमध्ये त्या काळातल्या नैराश्याची शक्यता सुमारे ६७ टक्क्यांनी कमी दिसली. चिंता मात्र त्याने कमी झाली नाही, आणि बाळंतपणानंतरच्या नैराश्यावरही फरक पडला नाही. व्यायाम म्हणजे रामबाण, असं सांगणाऱ्यांनी हेही सांगावं.

मन हलकं होतं ते कसं? एक धागा स्नायूंत सापडतो. ताण वाढला की शरीरात कायन्युरेनिन नावाचं द्रव्य वाढतं आणि ते मेंदूपर्यंत पोहोचून नैराश्याला हातभार लावू शकतं. व्यायामाने कसलेले स्नायू त्याचं रूपांतर कायन्युरेनिक आम्लात करतात आणि या आम्लाला रक्तातून मेंदूत सहज शिरता येत नाही. स्वीडनमधल्या करोलिन्स्का संस्थेने २०१४ मध्ये हे दाखवलं. अर्थात उंदरांमध्ये, गरोदर बायकांमध्ये नव्हे. शिवाय चांगली झोप, उजेड, घराबाहेर दोन माणसांशी बोलणं यांचा वाटा वेगळाच.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटांची आहे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालणं. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग पुरे. 'घरकाम करते की, तोच व्यायाम!' हे सासरचं आवडतं उत्तर. पण चाचण्या झाल्या त्या चालणं, योग, पोहणं अशा व्यायामांच्या, धुण्याभांड्यांच्या नव्हेत. तिला तो अर्धा तास स्वतःचा मिळायला हवा.

रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, गरोदरपणामुळे वाढलेला रक्तदाब किंवा वार खाली असणं, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. पहिल्या तिमाहीनंतर फार वेळ उताणं झोपून करायचे व्यायाम टाळावेत.

आणि दोन आठवडे उदासी हटत नसेल, तर नुसत्या चालण्यावर विसंबू नका. डॉक्टरांशी बोला किंवा 'टेली मानस' या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा.