निकाल एक, विजेते अनेक कसे?

ग्रामपंचायतींचे निकाल लागले की संध्याकाळपर्यंत प्रत्येक पक्ष स्वतःला पहिला क्रमांक देऊन मोकळा होतो. सगळ्यांच्या दाव्यांची बेरीज केली, तर गावांपेक्षा सरपंचच जास्त भरतात. हे होतं कसं?

महाराष्ट्रात ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवली जात नाही. गावात पॅनल उभी राहतात. एकाच पॅनलमध्ये दोन विरोधी पक्षांचे कार्यकर्तेही असू शकतात, कारण भावकी, पाणी आणि सोसायटीचं राजकारण तिथे पक्षाहून मोठं ठरतं. त्यामुळे पक्षनिहाय अधिकृत आकडाच तयार होत नाही. मग दोन्हीकडचं नातं असलेल्या पाहुण्याला लग्नात जसा वरपक्षही मोजतो आणि वधूपक्षही, तसा एकच सरपंच दोन याद्यांत जातो. निकालानंतर तो सत्तेकडे सरकला, तर तिसऱ्या यादीतही.

जिल्हा परिषद आणि महापालिकेत मात्र पक्षचिन्ह असतं. तिथला आकडा मी विश्वासाने वाचतो, पण मागच्या निकालाशेजारी ठेवूनच. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेत २२७ पैकी शिवसेनेला ८४ आणि भाजपला ८२ जागा मिळाल्या. पहिली शिवसेनाच. पण २०१२ मध्ये भाजपकडे ३१ जागा होत्या! तेव्हा शिवसेनेसोबतच्या युतीत त्याच्या वाट्याला लढायलाच कमी जागा आल्या होत्या, म्हणून त्याची शहरातली ताकद मोजलीच गेली नव्हती. २०१७ मध्ये राज्यात एकत्र सत्तेत असूनही दोघे मुंबईत वेगवेगळे लढले, तेव्हा ती मोजली गेली.