आय फाइव्ह की आय सेव्हन? आधी पूर्ण नंबर वाचा

बारावीचे निकाल लागले की साताऱ्यातल्या आमच्या दुकानात दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो, "ताई, आय फाइव्ह घेऊ की आय सेव्हन?" विचारणारे बहुतेक वेळा आई-वडील असतात. मूल इंजिनिअरिंगला, आर्किटेक्चरला नाहीतर बीसीएला निघालेलं असतं. घरच्या बचतीतला मोठा वाटा या एका वस्तूवर जाणार असतो आणि सात हा पाचापेक्षा मोठा, एवढ्याच हिशोबावर निर्णय व्हायच्या बेतात असतो. हा हिशोब माणसाला फार महागात पडतो, म्हणून काउंटरवर रोज जे सांगते ते इथे सविस्तर लिहिते आहे.

माझं सांगणं एका वाक्यात असं : प्रोसेसरची निवड 'आय फाइव्ह', 'आय सेव्हन' या नावावर करू नका, त्यापुढचा पूर्ण नंबर वाचा.

आलेल्या माणसासमोर मी कागदावर दोन नंबर लिहिते. एक आय७-१२५५यू, दुसरा आय५-१२५००एच. दोन्ही इंटेलचे, दोन्ही बाराव्या पिढीचे, दोन्ही लॅपटॉपसाठी बनवलेले. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे गणित करणारा भाग. या 'सात'मध्ये २ मोठे, वेगवान कोअर आणि ८ छोटे, वीज वाचवणारे कोअर आहेत, म्हणजे एकूण १०. त्या 'पाच'मध्ये ४ मोठे आणि ८ छोटे, एकूण १२. 'सात'ची मूळ वीजमर्यादा १५ वॉटची, तर 'पाच'ची ४५ वॉटची. व्हिडिओ एडिट करायचा असेल, घराचं थ्रीडी चित्र रेंडर करायचं असेल, तर इथे पाच साताला सहज मागे टाकतो.

मग त्याखाली तिसरा नंबर लिहिते, आय५-१२३५यू. यातही कोअर तेच, २ मोठे आणि ८ छोटे. कॅशे मेमरीही तितकीच, १२ एमबी. फरक उरतो तो कमाल वेगाचा, ४.४ विरुद्ध ४.७ गिगाहर्ट्झ, आणि आतल्या ग्राफिक्सचा थोडासा. वर्ड, एक्सेल, ब्राउझर, ऑनलाइन लेक्चर अशा कामांत हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. स्टिकरवर मात्र एकीकडे पाच आहे आणि एकीकडे सात, आणि किमतीत काही हजारांचं अंतर असतं.

ही नावं आली कुठून?

१९९३ पर्यंत प्रोसेसरला नुसते आकडे असायचे. २८६, ३८६, ४८६. आकड्यावर ट्रेडमार्क मिळत नाही आणि दुसऱ्या कंपन्याही तेच आकडे वापरत होत्या, म्हणून इंटेलने पुढच्या प्रोसेसरला पेन्टियम हे नाव दिलं. १९९८ मध्ये त्याच्या दोन्ही बाजूंना दोन नावं उभी राहिली. स्वस्त संगणकांसाठी सेलेरॉन आणि सर्व्हरसाठी झिऑन. पहिल्या सेलेरॉनमधून किंमत उतरवण्यासाठी दुसऱ्या पातळीची कॅशे मेमरी पूर्णच काढून टाकली होती. वारंवार लागणारी माहिती प्रोसेसरच्या अगदी जवळ ठेवणारी ही मेमरी. ती गेल्यावर तो प्रोसेसर फारच मंदावला. काही महिन्यांतच इंटेलने १२८ केबी कॅशे असलेला सेलेरॉन ३००ए आणला आणि तो चांगला चालला. दोन्हींवर नाव एकच होतं, सेलेरॉन. नावावर विसंबू नये हे तेव्हापासून दिसतंय.

आय सेव्हन २००८ मध्ये आला, आय फाइव्ह २००९ मध्ये, आय थ्री २०१० मध्ये आणि आय नाइन २०१७ मध्ये. त्याच २०१७ मध्ये एएमडीने रायझन आणला, तेव्हा त्यांनीही ३, ५, ७ हेच आकडे घेतले. नऊ नंतर आला. गिऱ्हाइकाला समोरासमोर तुलना करता यावी असा तो बेत होता. हे आकडे कंपनीने त्या वर्षी, त्या गटात प्रोसेसरला कोणत्या पायरीवर ठेवलं एवढंच सांगतात. कोअर किती, वीज किती, वय किती, यातलं काही त्यात नसतं.

एकाच चकतीतून निघालेले भाऊ

सिलिकॉनच्या एका गोल चकतीवर शेकडो चिप एकदम तयार होतात, पण सगळ्या सारख्या उतरत नाहीत. एखादीचा एक कोअर सदोष निघतो, एखादी जास्त वेगाला तापते. एकाच बागेतले हापूस उतरवल्यावर बागायतदार आकार पाहून वेगवेगळ्या पेट्या भरतो आणि पेटीप्रमाणे भाव लावतो, तशीच इथे प्रतवारी होते. रायझन ७ ५८००एक्स आणि रायझन ५ ५६००एक्स हे दोन्ही आठ कोअरच्या एकाच प्रकारच्या चिपपासून बनतात. पहिल्यात आठही कोअर चालू असतात, दुसऱ्यात दोन बंद केलेले असतात. अॅपलने २०२० मध्ये एम१ आणला, तेव्हा मॅकबुक एअरच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये ग्राफिक्सचे सात कोअर चालू होते आणि महाग मॉडेलमध्ये आठ. चिप तीच होती.

कधी कधी दोष नसतानाही भाग बंद केला जातो, कारण बाजारात मधल्या किमतीची वस्तू हवी असते. १९९१ मध्ये इंटेलने ४८६एसएक्स आणला. सुरुवातीच्या एसएक्समध्ये दशांशाची गणितं करणारा भाग चिपमध्येच होता, फक्त बंद ठेवलेला. ज्याला तो हवा असेल त्याने ४८७ नावाची जोडचिप विकत घ्यायची. ही जोडचिप म्हणजे प्रत्यक्षात पूर्ण ४८६ प्रोसेसरच होता. बसवला की तो जुन्या प्रोसेसरला बाजूला सारून सगळं काम स्वतःच करू लागे.

प्रतवारीत वाईट काही नाही. तिच्यामुळेच कमी पैशांत चांगली चिप मिळते आणि सदोष भाग असलेली चिप फेकून द्यावी लागत नाही. आपण कोणती प्रत घेतोय हे घेणाऱ्याला समजलं पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे.

पिढी : सगळ्यात जास्त फसवणूक इथे

आय५-८२५०यू मधला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी, ज्याला दुकानात सगळे एट्थ जनरेशन म्हणतात. आय५-१२३५यू मध्ये सुरुवातीचे दोन आकडे घ्यायचे, १२. पिढी बदलली की पायऱ्यांचा अर्थच बदलतो. आय७-७५००यू या सातव्या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये दोनच कोअर होते. पुढच्याच पिढीतल्या आय५-८२५०यू मध्ये चार आले. डेस्कटॉपवर तर एकाच वर्षात, २०१७ मध्ये, हे घडलं. जानेवारीत आलेल्या आय५-७४०० मध्ये चार कोअर, चार थ्रेड आणि ६ एमबी कॅशे होती. ऑक्टोबरमध्ये आलेल्या आय३-८१०० मध्येही नेमकं तेवढंच होतं, आणि मूळ वेग ३.० वरून ३.६ गिगाहर्ट्झवर गेला होता.

जुना संगणक घेणाऱ्यांसाठी आठवी पिढी ही मोठी सीमारेषा आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर मान्य केले आहेत. त्यामुळे आय३-८१०० त्या यादीत आहे आणि त्याच्याहून ताकदवान आय७-७७०० नाही.

मागच्या वर्षी एक गृहस्थ ऑनलाइन जाहिरात पाहून मागवलेला डेस्कटॉप घेऊन आले. रंगीत दिव्यांचा नवाकोरा कॅबिनेट, बाजूला काच, जाहिरातीत ठळक अक्षरांत 'आय सेव्हन, गेमिंग'. मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेला, पण सारखा बंद पडत होता. मी पंखा काढला. वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट कापसाने पुसली, तेव्हा धातूच्या टोपीवरची अक्षरं दिसली : आय७-२६००, ३.४० गिगाहर्ट्झ. २०११ चा प्रोसेसर. आय सेव्हन म्हणणं खोटं नव्हतं, फक्त त्यातला '२' कोणी सांगितला नव्हता. आज सहा वॉटचा साधा इंटेल एन१०० रोजच्या कामात जवळपास त्याच्या बरोबरीला येतो, आणि तो जुना ९५ वॉटचा आहे. त्या काकांचा चेहरा पाहून मला फार राग आला होता. कष्टाचा पैसा असा एका आकड्याआड जाऊ नये.

शेवटचं अक्षर आणि मधला आकडा

इंटेलच्या नंबरमागचं अक्षर तर कधीही सोडू नका. लॅपटॉपमध्ये यू म्हणजे साधारण १५ वॉटचा, बॅटरी वाचवणारा प्रोसेसर. एच म्हणजे ४५ वॉटचा, जड कामाचा. एचएक्स त्याहून वरचा. एच घेतला तर लॅपटॉप जाड होतो, पंखा वाजतो आणि चार्जरही वजनदार येतो, हे लक्षात ठेवून घ्या. डेस्कटॉपमध्ये के म्हणजे वेग वाढवता येणारा. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स नसलेला. एफचा प्रोसेसर स्वस्त पडतो, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

एएमडीच्या ७००० मालिकेतल्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये तिसरा आकडा पाहा. तो आतली रचना किती जुनी हे सांगतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये तिथे २ आहे, म्हणजे झेन २, २०१९ साली आलेली रचना, आणि कोअर चार. रायझन ५ ७५३०यू मध्ये ३ आहे, म्हणजे झेन ३, आणि कोअर सहा. एका आकड्याच्या फरकाने दोन कोअर आणि एक पूर्ण पिढी मागेपुढे होते. शिवाय ७५२०यू सोबतची रॅम बोर्डवरच जोडलेली येते, नंतर वाढवता येत नाही. अशा लॅपटॉपमध्ये ८ जीबी घेतली की कायमची ८ जीबीच.

२०२३ च्या अखेरीस इंटेलने कोअर अल्ट्रा आणला आणि नव्या नावांतून 'आय' काढून टाकला. आता कोअर ५ १२०यू आणि कोअर अल्ट्रा ५ १२५यू शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. पहिला जुन्या रचनेवरचा आहे. दुसरा नव्या रचनेवरचा, आणि त्यात एआयच्या कामांसाठी वेगळा भागही आहे. पेन्टियम आणि सेलेरॉन ही नावं लॅपटॉपमधून २०२३ पासून निवृत्त झाली. त्यांच्या जागी स्टिकरवर नुसतं 'इंटेल प्रोसेसर' असतं.

मग घ्यायचं काय?

टॅली, एक्सेल, सरकारी फॉर्म भरणं आणि छपाई एवढंच काम असेल, तर गेल्या तीन-चार वर्षांतला आय थ्री किंवा रायझन ३ भरपूर झाला. उरलेल्या पैशांत १६ जीबी रॅम आणि चांगली एसएसडी घ्या, फरक रोज जाणवेल. बीसीए, बीकॉम आणि इंजिनिअरिंगची पहिली वर्षं यांसाठी यू अक्षराचा आय फाइव्ह किंवा झेन ३ च्या पुढचा रायझन ५ पुरतो, बॅटरीही टिकते. ऑटोकॅडमधलं साधं ड्रॉइंग मुख्यतः एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे तिथे कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा. आर्किटेक्चरचं थ्रीडी, ब्लेंडर, व्हिडिओ एडिटिंग यांना मात्र कोअर जितके जास्त तितके हवे असतात. तिथे एच घ्या आणि आय सेव्हन यूवर घालायचे पैसे आय फाइव्ह एच आणि वेगळ्या ग्राफिक्सवर घाला.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी करा. दुकानदाराला प्रोसेसरचा पूर्ण नंबर बिलावर लिहायला सांगा, शेवटच्या अक्षरासकट. मशीन चालू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेलात की वर प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि खाली कोअरची संख्या दिसते. ते नाव बिलाशी ताडून पाहा. आणि तोच नंबर फोनवर इंटेलच्या किंवा एएमडीच्या साइटवर टाकून तो कधीचा आहे ते पाहा. यात पाच मिनिटंही जात नाहीत. आमच्या दुकानात हे सगळं गिऱ्हाइकाच्या हातून करून घेतल्याशिवाय मी पैसे घेत नाही. तुम्ही कुठूनही घ्या, मोठ्या शोरूममधून घ्या, ऑनलाइन घ्या, ओळखीच्या माणसाकडून घ्या, हा हक्क सोडू नका. नंबर लिहून द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडून यंत्र घेऊ नका.