ख्रिसमसच्या रात्रीच हल्ला का? वॉशिंग्टन यांच्या ट्रेंटन मोहिमेमागचं गणित

सणाला पहारा सैल पडतो, तेव्हाच छापा टाकायचा, हा युद्धातला जुना डाव. १७७६ मध्ये अमेरिकेतल्या ट्रेंटनवर झालेला हल्ला याचं गाजलेलं उदाहरण मानलं जातं. पण तिथे खरी घाई वेगळीच होती.

नेमकं काय घडलं?
२५ डिसेंबरच्या रात्री जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सुमारे २,४०० सैनिक आणि १८ तोफांसह डेलावेअर नदी ओलांडली. नदीतून बर्फाचे तुकडे वाहत होते. मध्यरात्रीपर्यंत संपणारं काम पहाटे तीनपर्यंत लांबलं. मग सुमारे १५ किलोमीटरची पायपीट आणि सकाळी आठच्या सुमारास हल्ला. ब्रिटिशांसाठी लढणारे सुमारे ९०० जर्मन (हेसियन) सैनिक पकडले गेले.

हाच मुहूर्त का?
न्यूयॉर्क हातचं गेलं होतं. त्यात बहुतेक सैनिकांची भरतीची मुदत ३१ डिसेंबरला संपत होती. आणखी आठवडाभर थांबलं असतं, तर लढायला फौजच उरली नसती.

शत्रू दारू पिऊन झोपला होता?
ही लोकप्रिय गोष्ट इतिहासकार मान्य करत नाहीत. स्थानिक बंडखोरांच्या सततच्या छोट्या हल्ल्यांनी हेसियन सैनिक आधीच थकले होते. वादळामुळे पहाटेची गस्तही रद्द झाली होती. त्यांचे प्रमुख योहान राल यांनी शहराभोवती मोर्चे बांधले नव्हते. या लढाईत जखमी होऊन ते मरण पावले.

पुढे काय झालं?
दहा डॉलर जादा मिळणार म्हटल्यावर अनेक सैनिक आणखी सहा आठवडे थांबले. ३ जानेवारी १७७७ रोजी प्रिन्स्टनची लढाईही वॉशिंग्टन यांनी जिंकली.