ड्रोन आणि कॅमेरा पावसाळ्यात सांभाळावा कसा?



ड्रोन ही चीज आता आपल्याला नवी राहिलेली नाही. २०२० साली केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली आणि गावठाणाची मोजणी आकाशातून कॅमेऱ्याने होऊ लागली. पाठोपाठ फवारणीचा ड्रोन आला. ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवर पंप घेऊन आत शिरणे किती जिकिरीचे, हे आपणास सांगायला नको. पाने अंगाला कापतात, औषध तोंडावर येते. दहा लिटर टाकीचा ड्रोन तेच काम वरून करतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. त्यात महिला बचत गटांना ड्रोन संचाच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान ठरले. म्हणजे संच १० लाखांचा धरला तरी २ लाख गटाच्या अंगावर येतात. ज्याने स्वतः कर्ज काढून घेतला, त्याच्या अंगावर त्याहून जास्त. एवढे महागाचे यंत्र वर्षातले मोजके दिवस उडते आणि बाकीचे दिवस कुठेतरी ठेवलेले असते. पडून असताना यंत्र झिजते, आणि ती झीज डोळ्याला दिसत नाही. म्हणून ते ठेवावे कसे, याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

आपली हवा दोन्हीकडून मारते

कोकणात बाराही महिने दमट हवा. आपल्याकडे तसे नाही. सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये तर त्याहून वर. मग मृग लागतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची हवा ८० टक्क्यांच्या वर दमट होते. उन्हाळा बॅटरीचा शत्रू, पावसाळा कॅमेऱ्याचा आणि जोडण्यांचा. तेव्हा सगळा संच एकाच जागी, एकाच पद्धतीने ठेवून चालत नाही. बॅटरी गार जागी, कॅमेरा कोरड्या पेटीत, आणि ड्रोनचा सांगाडा धुऊन-पुसून, खतांपासून दूर, असे तीन वेगळे हिशेब आहेत.

बॅटरी : निम्मी भरलेली आणि गार जागी

पुष्कळ जण बॅटरी पूर्ण भरून ठेवतात. वेळेवर पळापळ नको, हा त्यांचा विचार. पण लिथियम बॅटरीला भरल्या पोटी उन्हाळा सोसत नाही. लिथियम बॅटऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव असा, की पूर्ण भरलेली बॅटरी ४० अंशांत वर्षभर पडून राहिली तर तिची ताकद सुमारे ६५ टक्क्यांवर येते. तीच ४० टक्के भरून ठेवली तर सुमारे ८५ टक्के ताकद उरते. आणि ४० टक्के भरून २५ अंशांच्या गार जागी ठेवली तर जवळजवळ ९६ टक्के. फरक फक्त ठेवण्याचा, खर्च एका पैचाही नाही.

म्हणून आठवड्याहून जास्त दिवस फवारणी नसेल तर बॅटरी ४० ते ६० टक्क्यांवर आणून ठेवावी. चार्जरवर 'स्टोरेज' असा पर्याय असतो, तो याचसाठी. व्होल्टमध्ये सांगायचे तर एका सेलला सुमारे ३.८ व्होल्ट. १२ सेलची बॅटरी असेल तर ४५.६ व्होल्टच्या आसपास. काही बॅटऱ्या थोड्या दिवसांनी आपोआप एवढ्यावर उतरतात, तेव्हा आपल्या संचाची पुस्तिका पाहून घ्यावी. पूर्ण रिकामीही ठेवू नये. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की तो सहसा परत उभा राहत नाही. दर महिन्याला एकदा व्होल्ट बघावे.

जागा कोणती? धाब्याच्या घरातली आतली खोली उत्तम, पण धाबे गळत नाही एवढे पाहून. पत्र्याचे शेड आणि उन्हात उभी असलेली गाडी, दोन्ही वर्ज्य. बॅटऱ्या पत्र्याच्या पेटीत, खाली वाळू घालून, एकमेकींना तारा लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. झाकण हवाबंद नको, कारण बिघडलेल्या बॅटरीतून वायू सुटतो. जवळ पाचट, डिझेल, गॅसची टाकी नको. चार्जिंगला लावून शेतावर निघून जाऊ नये. उडून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, गार होऊ द्यावी.

फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. टोचून हवा काढण्याचा उद्योग तर मुळीच करू नये, ती तिथल्या तिथे पेट घेते. ती उकिरड्यावरही टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. विक्रेत्याकडे परत द्यावी.

कॅमेरा : आधी वाळवा, मग कोंडा

काचेवर बुरशी धरते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. बुरशीचे बीज हवेत सगळीकडे असते. अंधार, कोंदट हवा आणि ६५-७० टक्क्यांच्या वर दमटपणा बरेच दिवस मिळाला की भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात. बुरशी आम्ल सोडते, त्याने काचेवरचा लेप खाल्ला जातो. मग भिंग पुसले तरी डाग जात नाही.

उपाय साधा आहे. रबरी कडेची, घट्ट झाकणाची प्लास्टिक पेटी घ्यावी. आत सिलिका जेलची पुडी आणि दमटपणा दाखवणारे छोटे घड्याळ, म्हणजे हायग्रोमीटर, ठेवावे. काटा ४० ते ५० टक्क्यांवर असावा. ३० च्या खाली फार कोरडे होऊ देऊ नये, रबर तडकते. ३० लिटरच्या पेटीतल्या हवेत पावसाळ्यातही जेमतेम १ ग्रॅम पाणी असते, तेव्हा १०० ग्रॅम जेल पुष्कळ झाले. पण पेटी रोज उघडली, किंवा ओलसर कापड आणि चामड्याची पिशवी आत घातली, तर हा हिशेब कोलमडतो. धान्य वाळवूनच आपण कोठीत भरतो ना? तसेच हे. ओला कॅमेरा पेटीत ठेवला तर पेटी ओलच सांभाळून ठेवते.

केशरी जेल ओल पिऊन हिरवट पडते, निळे गुलाबी होते. रंग बदलला की वेगळ्या लोखंडी कढईत मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून, मूळ रंग येईपर्यंत परतावे. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतो आणि तो विषारी, म्हणून मुलाबाळांच्या घरात केशरीच घ्यावे. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवल्याने कोंडा आणि धूळ मात्र आत जाते. डांबर गोळ्यांचाही उपयोग नाही, त्यांची वाफ काचेवर बसते.

गार एसी गाडीतून कॅमेरा एकदम दमट हवेत काढला की त्यावर दव धरते. पिशवी बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास थांबावे, मग उघडावी.

सांगाडा, पंप आणि नोझल

सर्वांत मोठी चूक म्हणजे ड्रोन खताच्या खोलीत ठेवणे. जागा रिकामी असते म्हणून तो तिथे ठेवला जातो. पण हवा ७०-७५ टक्क्यांच्या वर दमट झाली की युरिया स्वतः पाणी ओढू लागतो. पोत्याला पाझर सुटलेला आपण पाहतोच. त्या खारट ओलीने तांब्याच्या जोडण्यांवर हिरवा कळंक चढतो आणि मोटारीचे बेअरिंग गंजते. साखर गोदामात पोती भिंतीला टेकवत नाहीत, खाली अंथरल्याशिवाय थप्पी लावत नाहीत, आणि पावसाळी हवेत दारे उगाच उघडी टाकत नाहीत. तीच शिस्त इथे. ड्रोन फळीवर, भिंतीपासून हातभर दूर, कापडाखाली झाकून ठेवावा. उंदरांचाही बंदोबस्त करावा, ते तारा कुरतडतात.

ठेवण्याआधी टाकीत स्वच्छ पाणी घालून ते नोझलमधून बाहेर काढावे. असे तीनदा करावे. हे पाणी विहिरीजवळ किंवा पाटात सोडू नये. गाळणी आणि नोझल काढून धुवावेत. मोटारींवर पाण्याचा झोत मारू नये, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे. हातमोजे घालावेत.

थोडक्यात

१. बॅटरी निम्मी भरून, गार खोलीत, पत्र्याच्या पेटीत ठेवावी.
२. कॅमेरा वाळवून घट्ट पेटीत, ४० ते ५० टक्के दमटपणावर ठेवावा.
३. ड्रोन धुऊन-पुसून, खतांपासून दूर, जमिनीपासून वर ठेवावा.
४. महिन्यातून एक दिवस ठरवून बॅटरीचे व्होल्ट, जेलचा रंग आणि मोटारीची फिरकी हाताने तपासावी, आणि वहीत तारीख टाकावी.

ही वही जपून ठेवावी. वॉरंटी किंवा विम्याचा प्रश्न आला तर तोंडी सांगण्यापेक्षा लेखी नोंद बरी. गटात ज्या भगिनी ड्रोन चालवतात त्यांना हा लेख अवश्य वाचून दाखवावा. काही शंका असल्यास आपल्या गट ऑफिसात किंवा चिटबॉयजवळ निरोप द्यावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी