निद्राकालीन केशरक्षण आणि शिरोवस्त्र : आफ्रिकी-अमेरिकी स्त्रियांच्या ‘बॉनेट’चे शास्त्रीय व सामाजिक विवेचन

प्रस्तावना :

मनुष्याच्या आयुष्याचा जवळजवळ एक तृतीयांश काळ निद्रेत जातो. या काळात शरीराला विश्रांती मिळत असली तरी डोक्यावरील केसांना ती मिळतेच असे नाही. कूस बदलताना डोक्याच्या भाराखाली केस उशीवर घासले जातात, मुरगळतात आणि एकमेकांत गुंततात. सकाळी फणीत येणाऱ्या केसांपैकी काही मुळापासून गळालेले असतात, तर काही मध्येच तुटलेले असतात. केस गळणे ही बव्हंशी नैसर्गिक क्रिया आहे. तुटणे मात्र पुष्कळ अंशी टाळता येते. त्यासाठी अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रिया पिढ्यान् पिढ्या झोपताना डोक्याला रेशमी रुमाल बांधत किंवा ‘बॉनेट’ घालत आल्या आहेत. बॉनेट म्हणजे कपाळापासून मानेपर्यंतचे सर्व केस सामावून घेणारी, कडेला लवचिक पट्टी असलेली सैलसर गोल टोपी होय. बाहेरून पाहणाऱ्यास ती केवळ आवड किंवा आळस वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः तिच्यामागे केसाच्या रचनेचे शास्त्र आहे आणि एका समाजाचा इतिहासही आहे.

उद्दिष्टे :

१. निद्रेत केसांची झीज कशी होते ते समजून घेणे.
२. शिरोवस्त्रासाठी कापडाची निवड कोणत्या गुणांवर अवलंबून असते ते स्पष्ट करणे.
३. बॉनेटच्या प्रथेची सामाजिक पार्श्वभूमी तपासणे.

केसाची रचना आणि झीज :

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या गाभ्याभोवती पारदर्शक खवल्यांचे अनेक थर असतात. घराच्या छपरावरील कौले जशी एकावर एक रचलेली असतात, तसेच हे खवले मुळाकडून टोकाकडे एकमेकांवर झुकलेले असतात. ते सपाट व अखंड असतील तोवर केस गुळगुळीत राहतो आणि आतील गाभा सुरक्षित राहतो. उलट दिशेने घर्षण झाले की खवल्यांच्या कडा उचलल्या जातात, तुटतात. पुढे गाभा उघडा पडून केसाला फाटे फुटतात.

त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्वचेवरील जखम भरून येते, तशी केसावरील इजा भरून येत नाही. डोक्यावरील केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे तीस सेंटीमीटर लांब केसाचे टोक सुमारे अडीच वर्षांचे जुने असते आणि त्याने नऊशेहून अधिक रात्री उशीवर काढलेल्या असतात. एका रात्रीचे घर्षण नगण्य असले तरी नऊशे रात्रींचे घर्षण नगण्य राहत नाही. निद्राकालीन केशरक्षणाचे महत्त्व या हिशेबातच सामावलेले आहे.

सर्पिल केसांची विशेष गरज :

सर्वच केसांना घर्षणाचा त्रास होत असला तरी तो सर्वांना सारखा होत नाही. आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींचे केस बहुधा घट्ट वेटोळ्यांचे असतात. त्यांचे केशकूप वक्राकार असतात आणि केसाचा आडवा छेद चपट्या लंबवर्तुळासारखा दिसतो. रासायनिक दृष्ट्या हा केसही त्याच केराटिनचा बनलेला असतो. फरक आहे तो आकाराचा. प्रत्येक वळणावर ताण एकवटतो, म्हणून अशा ठिकाणी केस लवकर तुटतो. शेजारच्या केसांची वेटोळी एकमेकांत अडकून गाठी पडतात आणि त्या सोडविताना पुन्हा केस तुटतात. शिवाय टाळूतील ग्रंथींतून स्रवणारा स्निग्ध पदार्थ सरळ केसावरून सहज टोकापर्यंत पोहोचतो. वेटोळ्यांच्या केसावर तो मुळाजवळच राहतो. परिणामी केसांची टोके कोरडी पडतात. अशा केसांना रात्रीच्या आवरणाची गरज अधिक असते, ती याच कारणांमुळे.

उष्णतेने सरळ केलेल्या केसांबाबत आणखी एक कारण आहे. तापविलेल्या फणीने केराटिनमधील हायड्रोजन बंध तात्पुरते तुटतात आणि केस नव्या आकारात स्थिर होतो. घामाचा किंवा दमट हवेचा ओलावा लागताच हे बंध पूर्ववत जुळू लागतात व केस पुन्हा कुरळा होतो. तासन्‌तास खर्चून केलेली केशरचना टिकावी, यासाठी केस डोक्याभोवती लपेटून त्यावर रुमाल बांधण्याची पद्धत रूढ झाली.

कापडाची निवड :

रेशीम आणि सॅटिन हे शब्द बाजारात समानार्थी असल्याप्रमाणे वापरले जातात. परंतु तसे ते नाहीत. रेशीम हा तंतू आहे, तर सॅटिन हा विणीचा प्रकार आहे. सॅटिनच्या विणीत एक धागा अनेक आडव्या धाग्यांवरून सलग जातो आणि मगच खाली उतरतो. त्यामुळे पृष्ठभागावर उंचसखलपणा कमी राहतो व कापड चकाकते. ही वीण रेशमाची असू शकते, तशीच पॉलिएस्टरचीही. स्वस्त बॉनेट बहुधा पॉलिएस्टरच्या सॅटिनचे असते.

कापसाचा तंतू काही सेंटीमीटरच लांब असतो. सुती धाग्यातून अशा असंख्य तंतूंची टोके बाहेर डोकावतात आणि केसांच्या खवल्यांना अडकतात. रेशमाचा तंतू मात्र कोशातून शेकडो मीटर अखंड निघतो. पॉलिएस्टरचा तंतूही अखंड काढता येतो. म्हणून या दोहोंवरून केस सहज सरकतो.

‘रेशीम ओलावा शोषत नाही’ हे विक्रेत्यांचे विधान मात्र तपासून घेतले पाहिजे. सर्वसाधारण प्रमाणित हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, तर रेशीम सुमारे ११ टक्के आणि पॉलिएस्टर केवळ ०.४ टक्के. अर्थात रेशमाचा खरा लाभ त्याच्या गुळगुळीतपणात आहे, ओलावा न शोषण्यात नाही. केसांना लावलेले तेल वा पाणी टिकविणे हा हेतू असेल तर साधे पॉलिएस्टर सॅटिनही उपयुक्त ठरते. महागडे रेशीम परवडत नाही म्हणून कोणी या संरक्षणास मुकण्याचे कारण नाही.

ऐतिहासिक व सामाजिक पार्श्वभूमी :

युरोपातही पूर्वी रात्रीची टोपी घालीत. परंतु तिचा मुख्य हेतू थंड शयनगृहात डोके उबदार ठेवण्याचा होता. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या शिरोवस्त्राचा इतिहास वेगळा आहे. १७८६ मध्ये स्पॅनिश अंमलाखालील लुइझियानाचे गव्हर्नर एस्तेबान मिरो यांनी आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांनी केस रुमालाखाली झाकावेत असा आदेश काढला. सामाजिक पायरी दाखवून देणे हा त्याचा उद्देश होता. न्यू ऑर्लिन्समधील स्त्रियांनी उंची, रंगीत वस्त्रे कलात्मक रीतीने बांधून त्या खुणेलाच शोभेचे रूप दिले. पुढे विसाव्या शतकाच्या प्रारंभी अ‍ॅनी टर्नबो मलोन आणि मॅडम सी. जे. वॉकर यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसांसाठी उत्पादने काढून मोठे उद्योग उभारले. केशनिगा हा घराघरांतील स्त्रियांचा नित्यक्रम होता. रात्रीचे शिरोवस्त्र त्याचाच भाग बनले आणि आईकडून मुलीकडे ही सवय जात राहिली.

मात्र या वस्त्राकडे पाहण्याची समाजाची दृष्टी अद्याप निर्मळ झालेली नाही. २०१९ मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन शहरातील एका माध्यमिक शाळेने पालकांसाठीच वेशनियम काढले आणि बॉनेट वा सॅटिनची टोपी घालून शाळेत येण्यास मज्जाव केला. २०२१ मध्ये अभिनेत्री मोनीक यांनी विमानतळावर बॉनेट घालून फिरणाऱ्या तरुणींना सार्वजनिक ठिकाणी नीटनेटके राहण्याचा सल्ला दिला, तेव्हा कृष्णवर्णीय समाजातच मोठा वाद झाला. एका पक्षाला त्यात वडीलधाऱ्यांची काळजी दिसली, तर दुसऱ्या पक्षाला परक्यांच्या मापाने स्वतःला मोजण्याची सवय दिसली. दरम्यान कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये ‘क्राउन’ कायदा संमत करून वेण्या, जटा, पीळ इत्यादी केशरचनांवरून होणाऱ्या भेदभावास बंदी केली; नंतर इतर अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले.

वापरताना घ्यावयाची दक्षता :

बॉनेटने केसांची वाढ होते, हा समज चुकीचा आहे. वाढ केशकूपात होते. आवरणामुळे तुटणे कमी होते आणि वाढलेली लांबी टिकते, इतकेच. केस पूर्ण वाळल्यावर, सैल वेण्या घालून मगच बॉनेट घालावे. ओला केस अधिक ताणला जातो आणि कमकुवत असतो. कडेची पट्टी घट्ट असू नये. कपाळाजवळील केसांवर सतत ताण राहिल्यास तेथील केस विरळ होतात आणि दीर्घकाळानंतर ही हानी कायमची ठरते. तेल व घाम साचत असल्याने बॉनेट नियमित धुवावे. तान्ह्या बालकांस मात्र झोपेत टोपी घालणे हितावह नाही. अमेरिकन बालरोग अकादमीने २०२२ च्या मार्गदर्शनात घरात झोपताना टोपी टाळण्यास सांगितले आहे. टोपड्याची प्रथा असलेल्या महाराष्ट्रातही ही सूचना लक्षात घेण्याजोगी आहे.

महाराष्ट्रात रात्री खोबरेल तेल लावून सैल वेणी घालून झोपण्याची रीत याच हेतूशी जुळते. मुंबईतील मॅरिको उद्योगाच्या संशोधन विभागातील रेळे व मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खनिज व सूर्यफूल तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांची हानी लक्षणीय कमी होते असे आढळले. वेणी केसांना गुंतण्यापासून आणि तेल प्रथिनांच्या हानीपासून वाचविते. गुळगुळीत आवरण त्यात घर्षणापासूनच्या संरक्षणाची भर घालते.

निष्कर्ष :

केसाची इजा भरून येत नसल्याने ती टाळणे हाच खरा उपाय होय. कापडाची उपयुक्तता त्याच्या किमतीवर नव्हे, तर पृष्ठभागावर अवलंबून असते. ज्यांचे केस घट्ट वेटोळ्यांचे आहेत त्यांना हे आवरण सर्वाधिक लाभदायक ठरते. म्हणूनच बॉनेट हे गबाळेपणाचे लक्षण नसून अनुभवातून सिद्ध झालेले साधन आहे. ज्या स्त्रियांवर एकेकाळी शिरोवस्त्र हीनतेची खूण म्हणून लादले गेले, त्यांच्याच वंशातील स्त्रियांनी ते स्वतःच्या निगेसाठी वापरले. त्यावरून त्यांना शाळेच्या दारात अडविले जाणे, हे केसांविषयीचे आणि माणसांविषयीचेही अज्ञान म्हणावे लागते.