तेलाच्या विहिरीचे पाणी बागेला चालते काय?

खनिज तेलाच्या विहिरीतून तेलच निघते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. भूगर्भातील ज्या सच्छिद्र खडकात तेल साठलेले असते त्याच खडकात पुरातन काळापासूनचे पाणीही असते, आणि तेल उपसू लागले की ते पाणी त्याच्याबरोबर वर येते. क्षेत्र जसजसे जुने होते तसतसा तेलाचा अंश घटतो व पाण्याचा अंश वाढतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या कर्न परगण्यातील जुन्या तेलक्षेत्रात तेलाच्या एका पिंपामागे सुमारे दहा पिंपे पाणी निघते. तेलाचे एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर. यावरून या उद्योगाला तेलाचा उद्योग म्हणावे की पाण्याचा, असा प्रश्न कोणालाही पडावा.

या पाण्याचे करावयाचे काय, हा त्या उद्योगापुढील मोठाच प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी हे पाणी शेतीच्या दृष्टीने विषासमान असते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील तेलविहिरींच्या पाण्यात ते प्रमाण लिटरला २०० ग्रॅमच्याही वर जाते. त्या राज्यात ऑगस्ट २०१४ ते जानेवारी २०१५ या काळात एक नळ फुटून सुमारे ११ कोटी लिटर असे पाणी जमिनीवर व ओढ्यात गेले. असे पाणी ज्या जमिनीवर पडते तेथे गवताची काडीही उगवत नाही, आणि जमीन पुन्हा लागवडीस आणावयाची म्हटल्यास वर्षानुवर्षे खर्ची पडतात. म्हणून असे पाणी बहुधा खोल विहिरींतून पुन्हा भूगर्भात दाबून सोडतात. तोही उपाय निर्दोष नाही. ओक्लाहोमा राज्यात याच कारणाने भूकंपांची संख्या वाढल्याचे आढळून आले. सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनी गावाजवळ ५.८ तीव्रतेचा धक्का बसला.

या पार्श्वभूमीवर कर्न परगण्यातील अनुभव अपवादात्मक ठरतो. बेकर्सफील्ड शहराच्या परिसरात वर्षाकाठी जेमतेम सहा इंच पाऊस पडतो. आपल्याकडील अवर्षणग्रस्त तालुक्यांतही याच्या तिपटीहून अधिक पाऊस होतो. तरीही तेथे बदाम, पिस्ता, द्राक्षे व संत्रावर्गीय फळे यांच्या विस्तीर्ण बागा आहेत, आणि त्या सर्वस्वी कालव्याच्या व विहिरींच्या पाण्यावर उभ्या आहेत. शहरालगतचे कर्न रिव्हर तेलक्षेत्र १८९९ साली सापडले. तेथील तेल काकवीसारखे दाट असल्यामुळे १९६० च्या दशकापासून जमिनीत वाफ सोडून ते पातळ करून काढतात. या क्षेत्रातील तेलाचे थर फार खोल नाहीत व पूर्वेकडील डोंगरांतून झिरपणारे गोडे पाणी त्यांत पोचते. म्हणून तेलाबरोबर निघणारे पाणी इतर क्षेत्रांच्या मानाने बरेच गोडे असते. पुढील सारा व्यवहार या एका गोष्टीवर उभा आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून शेव्हरॉन ही तेल कंपनी हे पाणी शुद्ध करून कावेलो जल जिल्हा या सिंचन संस्थेस देते. २०१५ साली रोज सुमारे ८ कोटी लिटर पाणी अशा रीतीने पुरविले जात होते व सुमारे ४५,००० एकरांच्या सिंचनात त्याचा वाटा होता.

शुद्धीकरणाची रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण कोणत्याही तेलकट सांडपाण्यास ती थोड्याफार फरकाने लागू पडते. प्रथम पाणी मोठमोठ्या टाक्यांत संथ ठेवतात. तेल हलके असल्याने वर तरंगते, वाळू व गाळ तळाशी बसतो; वरचा तवंग काढून घेतात. येथवरचे काम घरात ताकावरचे लोणी काढण्यासारखेच आहे. परंतु तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात मिसळून राहतात व नुसत्या संथपणाने वर येत नाहीत. त्यांकरिता पाण्यात वायूचे बारीक बुडबुडे सोडतात. बुडबुडे वर चढताना तेलाचे कण आपल्याबरोबर घेऊन येतात आणि पृष्ठभागावर फेस जमतो. तो निपटून काढतात. शेवटी पाणी गाळणीतून जाते. ही गाळणी वाळूची नसून अक्रोडाच्या कठीण टरफलांच्या भरड चुऱ्याची असते. वाळूला तेल चिकटले की ती लवकर बुजते व सहज धुतली जात नाही. अक्रोडाच्या टरफलावर तेल जेमतेम धरून राहते, ते आत शोषले जात नाही, आणि उलट्या दिशेने पाणी सोडून ढवळले की टरफल पुन्हा स्वच्छ होते. फळबागेतील टाकाऊ वस्तू फळबागेच्याच पाण्याची गाळणी व्हावी, हा योग मोठा नामी खरा.

गाळलेले पाणी नळाने जल जिल्ह्याच्या तळ्यात येते. तेथे ते कालव्याच्या व विहिरींच्या पाण्यात मिसळतात व मगच शेतकऱ्यास देतात. हे मिश्रण या योजनेचा प्राण आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. वर सांगितलेल्या एकाही क्रियेने पाण्यात विरघळलेले क्षार कमी होत नाहीत. तेल जाते, गाळ जातो, पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते. पण सोडियम, क्लोराइड व बोरॉन जसेच्या तसे राहतात. बोरॉन तर विशेष चिवट आहे. सामान्य पाण्यात ते विद्युत्भार नसलेल्या बोरिक आम्लाच्या रूपात असते, आणि खारे पाणी गोडे करणाऱ्या महागड्या पडद्यांतूनही त्याचा बराच अंश पार निघून जातो.

थोडे गणित करून पाहू. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे १ लाख ३ हजार लिटर. एखाद्या बागेस वर्षभरात तीस इंच पाणी दिले व त्या पाण्यात लिटरला केवळ ५०० मिलिग्रॅम क्षार असले, तर त्या एका एकरात वर्षाला सुमारे दीड टन क्षार येऊन पडतात. लिटरला एक मिलिग्रॅम बोरॉन असल्यास वर्षाला तीन किलो बोरॉन पडते. झाड पाणी घेते व क्षार बहुतांशी जमिनीतच सोडते. ते धुऊन खाली नेण्यास पाऊस किंवा जादा पाणी लागते, आणि कर्नमध्ये दोन्हींची वानवा. शिवाय बोरॉन मातीच्या कणांना धरून राहते; इतर क्षार धुण्यास जेवढे पाणी लागते त्याच्या सुमारे तिप्पट पाणी बोरॉन धुण्यास लागते.

ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी कावेलो भागातील पाणी व माती तपासून २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मिश्रित पाण्यात आरोग्यास अपायकारक धातू चिंताजनक प्रमाणात आढळले नाहीत. मात्र क्षार व बोरॉन वाढलेले आढळले, आणि हेच पाणी दीर्घकाळ दिल्यास जमिनीत ते साठत जाऊन पुढे बोरॉन सहन करणारी पिके घेणे भाग पडेल, असा इशारा त्यांनी दिला. बदामाची बाग एकदा लावली की वीस-पंचवीस वर्षे उभी राहते. अशा बागायतदारास पीक बदला म्हणणे सोपे, पण त्याने ते करावे कसे?

दुष्काळात ही अडचण दुणावते. २०१२ ते २०१६ या काळात कॅलिफोर्नियात भीषण अवर्षण पडले व कालव्याचे पाणी आटले. तेलविहिरींचे पाणी मात्र पावसावर अवलंबून नसल्याने पूर्ववत येत राहिले. साहजिकच मिश्रणातील त्याचे प्रमाण वाढले आणि गोड्या पाण्याचे घटले. म्हणजे ज्या वर्षी या पाण्याची गरज सर्वांत अधिक त्याच वर्षी त्याची प्रत सर्वांत हलकी. मिश्रणावर भिस्त असलेल्या प्रत्येक योजनेत हा दोष असतो, मग ती कोठलीही असो.

खाणाऱ्याच्या आरोग्याचा प्रश्नही याच सुमारास उपस्थित झाला. तेलविहिरींत वापरलेली रसायने फळांत उतरतात काय, हे विचारले जाऊ लागले. तेथील प्रादेशिक जलमंडळाने कंपन्यांकडून रसायनांची माहिती मागविली, तज्ज्ञांची समिती नेमली व फळांचे नमुने तपासविले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अशा पाण्यावरील पिकांमुळे आरोग्यास वाढीव धोका असल्याचे दिसून आले नाही. तथापि तपासणी चालू ठेवावी असे सुचविण्यात आले. प्रस्तुत लेखकाच्या मते हा निर्णय त्या एका क्षेत्रापुरता व तपासलेल्या पाण्यापुरताच मानावा. त्याच परगण्याच्या पश्चिम भागात एका तेल कंपनीने अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडलेले खारे पाणी शेजारच्या कापूस उत्पादकाच्या जमिनीखालील भूजलात उतरले, आणि त्या शेतकऱ्यास न्यायालयात जाऊन दाद मागावी लागली. पाणी तेलविहिरीचेच, परगणाही तोच. फरक पडला तो पाण्याच्या प्रतीने व हाताळणीने.

कायद्यातील एक उणीवही नजरेआड करू नये. अमेरिकेत ९८ अंश पश्चिम रेखांशाच्या पलीकडील कोरड्या प्रदेशात असे पाणी शेतीस वा जनावरांस देण्याची मुभा आहे. त्यासाठी केंद्रीय नियमात तेल व ग्रीस यांची लिटरला ३५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. पाणी उपयोगास योग्य असावे एवढेच बाकी मोघम सांगितले आहे. आपल्या देशात तेल उत्खननाचे सांडपाणी जमिनीवरील जलप्रवाहात सोडावयाचे झाल्यास तेल व ग्रीसची मर्यादा १० मिलिग्रॅम आणि एकूण विद्राव्य क्षारांची २१०० मिलिग्रॅम आहे. परंतु सांडपाणी प्रवाहात सोडण्यास योग्य ठरले म्हणजे ते संत्र्याच्या झाडास योग्य झाले, असे मुळीच नव्हे. जागतिक अन्न व कृषि संघटनेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे सिंचनाच्या पाण्यात २००० मिलिग्रॅमहून अधिक क्षार असल्यास वापरावर कडक बंधने येतात, व ४५० पासूनच सावधगिरी सुरू होते.

महाराष्ट्राचे तेल समुद्रात आहे. मुंबई हाय १९७४ साली सापडले व १९७६ पासून तेथून उत्पादन सुरू झाले. ते तेल उरण येथेही येते. त्या पाण्याचा आपल्या शेताशी संबंध नाही. पण औद्योगिक वसाहतींजवळच्या गावांत ‘शुद्ध केलेले’ सांडपाणी शेतीस घेण्याचा प्रश्न अनेकदा निघतो, आणि तेथे कर्नचा अनुभव नेमका उपयोगी पडतो. पाणी कसे दिसते, वास येतो काय, यावर निर्णय घेऊ नये. क्षार किती, सोडियमचे कॅल्शियम व मॅग्नेशियमशी प्रमाण काय, बोरॉन किती, हे तीन प्रश्न विचारावेत.

आपल्या काळ्या जमिनीत सोडियम विशेष घातक. चिकणमातीचे कण सुटे होतात, जमीन ओली असता लोण्यासारखी व वाळल्यावर दगडासारखी होते, निचरा बंद पडतो आणि ती चोपण बनते. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्यांस हे वेगळे सांगावयास नको. बोरॉनच्या बाबतीत पिकापिकांत मोठा फरक आहे. लिंबू लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमपलीकडे सहन करीत नाही. संत्री, द्राक्षे, अंजीर व कांदा यांची मर्यादा अर्धा ते पाऊण मिलिग्रॅम, तर गहू, भुईमूग, मूग, तीळ व लसूण यांची पाऊण ते एक. ज्वारी व कापूस मात्र याच्या कितीतरी पट अधिक सहन करतात. म्हणजे एकाच कालव्याचे पाणी एकाच्या कपाशीस चालेल आणि बांधापलीकडच्या द्राक्षबागेस बाधेल. गावसभेत असा विषय निघाल्यास ग्रामसेवकांनी व कृषि सहायकांनी ही बाब स्पष्टपणे मांडावी, कारण पाणी घेण्याचा ठराव सर्वांचा असतो व नुकसान मात्र एकट्याचे होते.

बोरॉन बाधल्याची खूण बहुतेक पिकांत जुन्या पानांवर प्रथम दिसते: शेंडा व कडा पिवळ्या पडतात आणि मग करपतात. पालाशाच्या कमतरतेशी हिचा घोटाळा होण्याचा संभव असल्याने केवळ लक्षणांवरून खत देऊ नये. बदाम व त्याच्या वर्गातील झाडांत बोरॉन पानांतून इतरत्र फिरते, त्यामुळे तेथे पानांऐवजी कोवळ्या फांद्यांचे शेंडे वाळतात व खोडावर डिंक येतो.

पाण्याचा नमुना एकदाच न घेता पावसाळ्यानंतर एकदा व ऐन उन्हाळ्यात एकदा असा दोनदा घ्यावा, कारण मिश्रणाचे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलते. मातीचा नमुना पाणी सुरू करण्यापूर्वीच घेऊन त्याचा निकाल जपून ठेवावा. पुढे तुलनेस दुसरा आधार नसतो. नमुना स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत, त्याच पाण्याने तीनदा खंगाळून, काठोकाठ भरावा व बाटलीवर ठिकाण आणि तारीख लिहावी. बोरॉनच्या तपासणीसाठी काचेची बाटली वापरू नये; काही जातींच्या काचेतच बोरॉन असते व ते पाण्यात उतरून निकाल चुकतो.